ताडाचा उजवा घोटा

१

तिसऱ्या इंजेक्शनची सिरिंज मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेच्या शीतपेटीत भरलेली सापडली. ते इंजेक्शन सहा आठवड्यांपूर्वीच देऊन झाले होते. अकरा महिने न हटलेले घोट्याचे दुखणे त्या इंजेक्शननंतर हटले होते.

बास्केटबॉल संघाच्या व्यवस्थापकाने एवढीच तीन वाक्ये कागदावर लिहून मोजपट्टीपुढे ठेवली आणि तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत बसला. मोजपट्टी हे अर्थातच तिचे पाळण्यातले नाव नव्हे. प्रयोगशाळांच्या गुणवत्ता-तपासणीत तिची तीस वर्षे गेली होती, आणि दोनदा मोजल्याखेरीज ती पावसालाही पाऊस म्हणत नसे. हे नाव लोक पाठीमागे घेत. तिला ते पहिल्या वर्षापासून ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते.

"खेळाडू कोण?" तिने विचारले.

"ताड. दोन मीटर चार सेंटीमीटर. उडी मारून खाली येताना दुसऱ्याच्या बुटावर पाय पडला आणि उजवा घोटा मुरगळला. तेव्हापासून जरा खेळला की दुखणं हजर. शेवटी डॉक्टरांनी त्याच्याच रक्ताची इंजेक्शनं सुरू केली."

त्या उपचाराची मोजपट्टीला पुरेपूर माहिती होती. खेळाडूचेच रक्त काढायचे, ते यंत्रात गरगर फिरवायचे, जखम भरून काढणारे कण ज्यात एकवटतात तो पिवळसर भाग वेगळा करायचा आणि दुखऱ्या जागी टोचायचा. येथे रक्त एकदाच काढून तीन मात्रा गोठवून ठेवत आणि महिन्याच्या अंतराने देत. या उपचाराविषयी तिचे मत असे की काही अभ्यासांत त्याचा गुण दिसतो, काहींत दिसत नाही, आणि ज्यांत दिसतो त्यांचे लेखक अधिक मोठ्याने बोलतात.

"मॅडम, मात्रा पेटीतच आहे, तर मग घोट्यात गेलं काय?" व्यवस्थापकाचा आवाज खाली आला. "दुसऱ्या कुणाचं रक्त गेलं असेल तर आमची धडगत नाही."

"तुमची, की त्याची?"

"आधी त्याची," तो ओशाळून म्हणाला. "शुक्रवारी पाच वाजता संघाची यादी जाते. औषधानं बरा झाला असेल तर त्याला ठेवतो. कशानं बरा झाला हेच माहीत नसेल, तर दुसऱ्या सामन्यात पुन्हा लंगडेल असं निवड मंडळाचं म्हणणं आहे. तेहतीस वर्षांचा आहे तो. आम्ही सोडला, तर त्याला दुसरं कुणी दारात उभं करणार नाही."

मोजपट्टीने कागद पुन्हा वाचला आणि पहिल्या वाक्यावर बोट ठेवले.

"पेटीत एक सिरिंज सापडली म्हणता. एकच?"

"एकच."

"मग एक हरवली आहे," ती म्हणाली.

२

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे मावशी म्हणत. सव्वीस वर्षे साबणाने धुऊन धुऊन त्यांच्या हातांची कातडी कागदासारखी झाली होती. मोजपट्टीला पाहताच त्या उठून उभ्या राहिल्या.

"बाई, इतक्या वर्षांत माझ्या हातून साधी कुपी फुटलेली नाही. आणि आता लोक माझ्याकडे कसे बघतात ते बघा. जणू मी चमचे पळवलेत."

"बसा मावशी. साक्षीदार कुठे आहे?"

"तेच तर. साक्षीदारच नाही."

व्यवस्थापक एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागला, तेव्हा मोजपट्टीने खुलासा केला. प्रत्येक खेळाडूच्या तीन मात्रांबरोबर एक चौथी सिरिंज भरण्याचा नियम होता. तिच्यात निर्जंतुक मिठाचे पाणी असे. तिलाही तीच थंडी, तोच टेप, तोच प्रवास. उपचार संपल्यावर ती उघडून तपासायची. तिच्यात जंतू निघाले नाहीत, तर बाकीच्याही स्वच्छ होत्या असे मानायचे. म्हणून तिचे नाव साक्षीदार. चारही सिरिंजांना अपारदर्शक निळा टेप गुंडाळलेला असे, कारण खेळाडू रंग पाहून औषधाची पारख करत आणि डॉक्टरही करत. कोणती सिरिंज कोणती, हे टेपखालच्या चिठ्ठीवर आणि मावशींच्या डोक्यात असे.

"मंगळवारी मी साक्षीदार तपासायला टेप सोडला," मावशी म्हणाल्या, "तर आत पिवळं. चिठ्ठीवर तीनचा आकडा."

"तिसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी तुम्ही होतात?"

"रजेवर होते. डॉक्टरांनी स्वतःच स्टँडवरून घेतली."

मोजपट्टीने डॉक्टरांना बोलावून घेतले. ते नीटनेटके, थकलेले गृहस्थ होते आणि आल्या आल्याच म्हणाले, "मी तुमच्या नियमाबाहेर केसभरही गेलो नाही. स्टँडवर दोन उरल्या होत्या, त्यांतली पहिली घेतली."

"या चार पेन्सिली," मोजपट्टीने चार भोकांचा रिकामा स्टँड पुढे सरकवला. "एकेक करून लावा."

डॉक्टरांनी डावीकडून सुरुवात करून उजवीकडे संपवले. तिने पेन्सिली काढल्या आणि मावशींना दिल्या. मावशींनी त्या डाव्या हाताने उचलल्या, उजव्या टोकाच्या भोकापासून सुरुवात केली आणि डावीकडे संपवले. चौथी पेन्सिल, म्हणजे साक्षीदाराची, अगदी डाव्या टोकाला बसली.

"डावखुऱ्या माणसाची पहिली उजवीकडे असते," मोजपट्टी म्हणाली. "डॉक्टर, तुमची पहिली म्हणजे त्यांची शेवटची. यात तुम्हा दोघांचा दोष नाही. नियम मी लिहिला होता. टेप लावा म्हटलं, आकडा आत ठेवा म्हटलं, रांग कुठल्या बाजूनं धरायची ते लिहिलं नाही. सगळे जण माझ्यासारखे उजवे, असं धरून चालले." तिने वही उघडून पहिल्या ओळीत ही चूक स्वतःच्या नावावर लिहिली.

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि लगेच त्याच पदराने टेबलही पुसले, जणू मूळ हेतू तोच होता.

डॉक्टर मात्र खुर्चीत खचून बसले होते. "म्हणजे मी त्याला मिठाचं पाणी टोचलं."

"निर्जंतुक मिठाचं पाणी. त्याला अपाय नाही."

"आणि तो बरा झाला," डॉक्टर म्हणाले. "मॅडम, मिठाच्या पाण्यानं?"

३

व्यवस्थापकाला कोडे सुटल्यासारखे वाटले आणि त्याचा चेहरा त्यामुळेच उतरला. "मनाचे खेळ, दुसरं काय. औषध मिळालं असं त्याला वाटलं आणि दुखणं पळालं. असं पळालेलं दुखणं परत यायला किती वेळ? मंडळ सोडणारच त्याला."

"पहिल्या दोन वेळेला त्याला काय मिळालं असं वाटलं होतं?"

"औषधच."

"मग मनाला दोनदा पूर्ण संधी मिळाली होती. तेव्हा ते का खेळलं नाही? सुई तिन्ही वेळा तीच, विश्वास तिन्ही वेळा तोच. दोन वेळा औषध होतं आणि गुण नाही. तिसऱ्या वेळी औषध नव्हतं आणि गुण आला. काहीतरी चौथं बदललंय, आणि ते सिरिंजमध्ये नाही."

"पहिल्या दोन मात्रांचा गुण उशिरा आला असेल," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी आशा होती.

"असेल. तेही तपासू."

फिजिओ ही चटपटीत तरुण मुलगी होती. तिच्या खोलीत रबरी पट्ट्या, लाकडी पाट आणि ताडाची अकरा महिन्यांची नोंदवही होती. प्रत्येक इंजेक्शननंतर चौदा दिवस पूर्ण विश्रांती घेण्याचा नियम होता, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला घोट्याला पावले मोजणारे छोटे यंत्र कायमच बांधलेले असे.

"ताड्या एक नंबरचा आज्ञाधारक," ती म्हणाली. "हे आकडे बघा. पहिल्या विश्रांतीत रोजची सरासरी दोन हजार एकशे चाळीस पावलं. दुसऱ्या वेळी दोन हजार नव्वद. तिसऱ्या वेळी दोन हजार एकशे पंधरा. विश्रांतीत काडीचा फरक नाही. म्हणून तर आम्ही सगळे छातीठोकपणे म्हणत होतो की फरक औषधाचाच."

"आणि दुखणं?"

"रोज रात्री झोपण्यापूर्वी तो दहापैकी आकडा लिहायचा. पहिल्या दोन विश्रांतींत सहा, सात, सहा, सहा. पोटरीही दगडासारखी. पडून राहणाऱ्या माणसाची पोटरी इतकी ताठ का, ते मला कधी कळलं नाही."

मोजपट्टीने आकड्यांवरून बोट फिरवले. सहा-सातच्या त्या रांगेत मध्येच तीन दिवस सलग 'दोन' लिहिलेले होते. पुढे आणखी दोन दिवस 'तीन'.

"या दिवसांत काय झालं होतं?"

"काही नाही. नुसता पाऊस होता. आमचा सरावही रद्द झाला होता, म्हणून लक्षात आहे." तिने जुने वेळापत्रक काढून दाखवले. पाचही दिवस रद्द होते.

पावसात जुनी दुखणी ठणकतात, असे जग म्हणते. हा घोटा पावसात गप्प बसत होता. आणि औषधाचा गुण उशिरा येत असेल, तर तो पावसापुरता पाच दिवस येऊन पुन्हा परत जाणार नाही. डॉक्टरांची आशा मोजपट्टीने मनातल्या मनात हलकेच बाजूला ठेवली.

"पाऊस असला की हा माणूस काय करत नाही?" तिने विचारले.

"घरी तो आणि त्याचे वडील, दोघंच," एवढेच फिजिओ म्हणाली. "घराबद्दल कधी बोलत नाही तो."

४

गुरुवारी दुपारी चार वाजता मोजपट्टी ताडाच्या इमारतीपाशी पोचली. इमारतीला लिफ्ट नव्हती. जिन्याखालच्या कोनाड्यात एक चाकांची खुर्ची घडी करून साखळीने बांधलेली होती. तिच्या चाकांवर कोळ्याने जाळे विणायला घेतले होते. मोजपट्टी तिसऱ्या मजल्यापर्यंत मोजत चढली. पायऱ्या चौपन्न होत्या.

दार ताडाने उघडले, तेव्हा चौकटीत प्रथम त्याचा सदराच दिसला. चेहरा वाकल्यावर आला. तो चेहरा शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे उभ्या केलेल्या मुलाचा होता.

"मॅडम, मला काढणार का?"

"मला ठाऊक नाही. मी फक्त कारण शोधते."

खोलीत खिडकीशी दुसऱ्या चाकांच्या खुर्चीवर एक सडसडीत म्हातारा बसला होता. त्याने आयुष्यभर घड्याळे दुरुस्त केली होती, आणि भिंतीवरची सात घड्याळे एका सेकंदानेही एकमेकांशी भांडत नव्हती. वर्षापूर्वी पडून पाठीचा मणका मोडल्यापासून त्याचे पाय गेले होते.

"या ताई. पोराला बसायला सांगा जरा. तो उभा असला की खोलीत अंधार पडतो."

"बाबा," ताड लाजून म्हणाला.

खिडकीच्या कठड्यावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. समोर कोणीच नव्हते.

"कुणाबरोबर खेळता?"

"खाली बागेत एक निवृत्त पोस्टमन बसतो. गुडघे गेलेत त्याचे, वर येत नाही. अक्कलही गेली आहे, पण मान्य करत नाही." म्हाताऱ्याने एक प्यादे पुढे सरकवले. "जा रे, सांग त्याला. प्यादं चौथ्या घरात. आणि म्हणावं, विचार करायला डोकं लागतं, ते शोध आधी."

ताड चपला घालू लागला. मोजपट्टीची नजर त्याच्या घोट्यावरच्या पावले मोजणाऱ्या यंत्राकडे गेली आणि तिथेच थांबली.

"हे रोज चालतं?"

"रोज," ताड म्हणाला. "दिवसाला एकच चाल. बाबांची खाली न्यायची, पोस्टमनची वर आणायची. सहा आठवडे झाले."

"आणि त्याआधी चाल कोण नेत होतं?"

दाराशी एकदा वळून त्याने वडिलांकडे पाहिले आणि तो जिना उतरू लागला.

५

त्याची पावले पहिल्या वळणापलीकडे गेल्यावर मोजपट्टीने खुर्ची जवळ ओढली.

"तो परत येईपर्यंत आपल्याकडे चार मिनिटं आहेत. त्याआधी तो तुम्हाला उचलून खाली नेत होता."

म्हाताऱ्याने पटावरचा राजा सरळ केला. तो आधीच सरळ होता.

"कशावरून?"

"त्याच्या दुखण्याला पावसाची सुट्टी मिळत होती. बाग पावसात बंद असते. खालची खुर्ची तुमचीच; तिला सहा आठवडे कुणी हात लावलेला नाही. पावलं मोजणारं यंत्र पावलं मोजतं, वजन मोजत नाही. तुम्हाला घेऊन उतरला काय किंवा तुमची एक चाल घेऊन उतरला काय, आकडा तोच."

"वजन अठ्ठावन्न किलो," म्हातारा हळूच म्हणाला. "काट्यावर मोजलंय. रोज संध्याकाळी खाली, तासाभरानं वर. पाऊस सोडला तर एक दिवस चुकवला नाही त्यानं. म्हणायचा, बाबा, तुम्ही घड्याळासारखे घरात टांगून राहू नका."

"मग थांबलं कसं?"

"ताई, घड्याळ लंगडायला लागलं की टिक आणि टक यांच्यातलं अंतर सारखं राहत नाही. मालकाला कळत नाही, आमच्या कानाला कळतं. तो उचलायचा तेव्हा माझा कान त्याच्या छातीला लागलेला असायचा. डावा पाय पडला की श्वास चालू. उजवा पडला की बंद. चौपन्न पायऱ्यांत सत्तावीस वेळा बंद. दुसरं इंजेक्शन झालं, तरी सत्तावीसच. तेव्हा म्हटलं, बिघाड घोट्यात नाही. बिघाड मीच आहे."

"त्याला विचारलंत?"

"विचारून काय मिळणार? अंगात ताप फणफणत असला तरी 'काही नाही बाबा' म्हणणारं पोर ते. मी त्याला सांगितलं, पायऱ्यांवर मला गरगरतं, भीती वाटते, मला खाली नेऊ नकोस."

"गरगरतं?"

"छे. त्या एका तासासाठी तर मी बाकीचे तेवीस काढायचो." त्याने खिडकीबाहेर मान वळवली. "इथून बाक दिसतो. पटावर नेमकं झाड येतं."

"हे कधी सांगितलंत?"

"रविवारी. दुसऱ्या दिवशी तिसरं इंजेक्शन होतं."

मोजपट्टीने वहीत वार लिहिला. पेन उचलले तेव्हा दारात ताड उभा होता. तो केव्हा आला ते कळले नव्हते. वडिलांना उचललेले नसले की त्याची पावले वाजत नसत.

"गरगरत नाही तुम्हाला?" त्याने विचारले.

"चाल काय आली?"

"बाबा, गरगरत नाही?"

"नाही."

"मला सांगायचं होतंत."

"तू सांगितलं होतंस, दुखतं म्हणून?"

ताड खाली जमिनीवर बसला. बसल्यावर त्याचे डोके बरोबर वडिलांच्या खुर्चीच्या हातापाशी आले. म्हाताऱ्याने त्याच्या केसांवर हात ठेवला आणि बराच वेळ तो हात तिथेच राहिला. सात घड्याळे एकाच पावलाने चालत होती.

"डॉक्टरांना हे का नाही सांगितलंत?" मोजपट्टीने शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारले.

"त्यांनी विचारलं, किती चालतोस? ते सांगितलं. कुणाला उचलतोस का, असं कुणी विचारलं नाही."

"विचारलं असतं तर?"

"खोटं बोललो असतो," ताड म्हणाला. "मग बाबांना खाली कोण नेणार होतं?"

"उंट हलवला का घोडा?" म्हाताऱ्याने विचारले.

"उंट."

"गाढव आहे तो," म्हातारा म्हणाला, आणि हात मात्र त्याने काढला नाही.

६

शुक्रवारी साडेचार वाजता व्यवस्थापकाच्या खोलीत डॉक्टर, मावशी आणि फिजिओ जमले. मोजपट्टीने सगळा प्रकार कमी शब्दांत सांगितला. फिजिओ आपल्या आकड्यांच्या वहीकडे बघत राहिली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"ताडाला सिरिंजचं मी कळवलं आहे," ते म्हणाले. "आज सकाळी. तो म्हणाला, मिठाचं पाणी होतं म्हणूनच कमी झोंबलं."

"पण मॅडम, मंडळाला काय सांगू?" व्यवस्थापकाने घड्याळाकडे पाहत विचारले. "औषधानं बरा झाला नाही, हे तर सिद्धच झालं."

"औषधाबद्दल एवढंच सिद्ध झालं की या घोट्यावर रोज असा भार पडत असताना ते उपयोगी पडलं नाही. भार नसता तर पडलं असतं की नाही, ते मला सांगता येणार नाही. मंडळानं काय विचारलं होतं? कारण माहीत नसेल तर त्याला सोडा. कारण माहीत आहे. ते दूर करता येतं. दूर केल्यापासून सहा आठवडे गुण टिकलाय. पक्की खात्री करायची तर पुन्हा वडिलांना उचलायला लावून दुखणं परत येतं का बघावं लागेल. तो प्रयोग मी सुचवणार नाही."

"पण त्याच्या वडिलांचं काय?" मावशींनी विचारले. "ते काय तसेच खिडकीत बसायचे?"

"खुर्चीसकट माणूस न्यायला चार हात लागतात," फिजिओ म्हणाली. "आपले राखीव खेळाडू संध्याकाळी माझ्या खोलीत नुसता उच्छाद मांडतात. दोघंदोघं पाळीनं जातील. पायांना व्यायाम, आणि माझ्या जिवाला शांतता. तळमजल्यावर घर मिळेपर्यंत."

व्यवस्थापकाने यादी पुढे ओढली, ताडाच्या नावासमोरचे प्रश्नचिन्ह खोडले आणि नाव राहू दिले. यादी पाचला सात मिनिटे कमी असताना गेली.

मोजपट्टीने अहवालाचे शेवटचे पान त्याच्या टेबलावर ठेवले. त्यावर लिहिले होते:

'तिसऱ्या वेळी घोट्यात निर्जंतुक मिठाचे पाणी गेले. सिरिंजांची रांग कोणत्या बाजूने धरायची हे नियमात लिहिलेले नव्हते. नियम माझा होता. घोटा बरा होण्याशी या चुकीचा संबंध नाही.

खेळाडूचे स्वतःचे वजन एकशे चार किलो आहे. अकरा महिने तो अठ्ठावन्न किलो वजनाच्या वडिलांना हातांवर घेऊन रोज चौपन्न पायऱ्या उतरत आणि चढत होता. दर दुसऱ्या पायरीवर हा सगळा भार दुखऱ्या घोट्यावर येत असे, विश्रांतीच्या दिवसांतही. सहा आठवड्यांपूर्वीच्या रविवारी मुलाला वेदना होतात हे ओळखून वडिलांनी खाली जाणे सोडले. घोटा त्यामुळे बरा झाला.'